डॉक्टरांनीच दिलेली गोळी सुटत नाही तेव्हा

समजा, एका गृहस्थांच्या पाठीचं ऑपरेशन होऊन चार महिने झालेत. टाके केव्हाच सुकले. तरीही सकाळी डोळे उघडले की हात आधी गोळ्यांच्या पाकिटाकडे जातो. गोळीला दोन-तीन तास उशीर झाला की अंग मोडून येतं, नाक गळतं, पोटात कळा येतात, जीव कासावीस होतो. गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासात सगळं शांत. या गृहस्थांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. घरचे विचारतात, "दुखणं तर थांबलं ना? मग गोळी कशाला?" त्यांना उत्तर देता येत नाही.

अशा माणसाबद्दल दोन मतं हमखास ऐकू येतात. पहिलं मत असं, की औषधच तर आहे, डॉक्टरांनीच लिहून दिलंय, मग काळजी कसली. दुसरं असं, की हे व्यसन आहे, आजच्या आज गोळ्या काढून घ्या. पहिल्या मतामुळे दुखणं वाढत जातं. दुसऱ्यामुळे काही वेळा माणूस दगावतो. ही दुसरी गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे, आणि हा लेख मुख्यतः तिच्यासाठीच लिहितो आहे.

## नेमक्या कोणत्या गोळ्या?

रोज घ्यावी लागते म्हणून कोणतीही गोळी व्यसनाची ठरत नाही. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांची औषधं वर्षानुवर्षं घेतली तरी त्यांची तलफ येत नाही. पॅरासिटामॉलचीही नाही. व्यसनाचा धोका असतो तो मुख्यतः तीन गटांत.

पहिला गट अफूवर्गीय वेदनाशामकांचा. त्यांना ओपिऑइड म्हणतात. मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडॉल, ऑक्सिकोडोन, फेंटानिल ही त्यातली नावं. कोडीन खोकल्याच्या काही औषधांतही असतं. दुसरा गट चिंता कमी करणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या गोळ्यांचा. डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम ही सगळी बेंझोडायझेपिन कुळातली आहेत, आणि झोल्पिडेम त्यांचं जवळचं नातलग. तिसरा गट मेंदूला चालना देणाऱ्या औषधांचा, उदाहरणार्थ लक्ष एकाग्र न होण्याच्या विकारावर दिलं जाणारं मेथिलफेनिडेट. इथे भर पहिल्या दोन गटांवर राहील, कारण जिवाला धोका तिथेच जास्त आहे.

## शरीराला सवय होणं आणि व्यसन लागणं, दोन्ही एकच का?

नाही. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

दोन पारड्यांचा तराजू डोळ्यांपुढे आणा. आपल्या मेंदूत एका बाजूला 'शांत हो' सांगणारी यंत्रणा असते, दुसऱ्या बाजूला 'जागा राहा' सांगणारी. दोन्ही पारडी साधारण सारखी असली की माणूस बरा असतो. ओपिऑइड किंवा झोपेची गोळी 'शांत हो'च्या पारड्यात बाहेरून वजन टाकते. एक-दोन दिवस टाकलं तर विशेष काही बिघडत नाही. पण रोज, आठवडेच्या आठवडे टाकत राहिलं, तर मेंदू तराजू सरळ ठेवण्यासाठी दुसऱ्या पारड्यात आपली वजनं चढवू लागतो. मग तीच गोळी पूर्वीइतकी लागू पडत नाही. याला टॉलरन्स म्हणतात, म्हणजे औषध अंगवळणी पडणं.

आता बाहेरचं वजन एकदम उचललं तर काय होईल? मेंदूने चढवलेली वजनं तशीच असतात. दुसरं पारडं धाडकन खाली जातं. यालाच विड्रॉवल म्हणतात. म्हणून विड्रॉवलची लक्षणं औषधाच्या परिणामाच्या अगदी उलट असतात. ओपिऑइडने बद्धकोष्ठ होतं, ते थांबलं की जुलाब होतात. गोळीने डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, थांबल्यावर मोठ्या होतात. गोळीने गुंगी यायची, आता रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. शरीर मोडलंय असा याचा अर्थ नव्हे. तराजू सावरायला त्याला वेळ हवा असतो.

ही झाली शारीरिक सवय, म्हणजे अवलंबित्व. नियमाने दीर्घकाळ औषध घेणाऱ्या जवळजवळ कोणालाही ती होऊ शकते. कॅन्सरच्या वेदनांसाठी मॉर्फिन घेणाऱ्या आजींना ती होते, पण म्हणून आजी व्यसनी ठरत नाहीत. नैराश्यावरच्या काही गोळ्या अचानक थांबवल्या तरी त्रास होतो, पण त्या गोळ्यांसाठी कोणी खोटं बोलत नाही की घर गहाण टाकत नाही.

व्यसनाची खूण वेगळी आहे. घ्यायचं नाही असं मनापासून ठरवूनही घेतलं जाणं, तलफ येणं, ठरल्यापेक्षा जास्त घेणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, गोळी मिळवण्यात आणि तिच्यातून सावरण्यात दिवस जाणं. मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या डीएसएम-५ या अमेरिकी निदानपुस्तिकेत (२०१३) अशा ११ खुणा दिल्या आहेत. वर्षभरात दोन किंवा अधिक दिसल्या तर विकार मानायचा, सहा किंवा अधिक असल्या तर तीव्र. त्यात एक मोलाची तळटीप आहे. औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सांगितलं तसंच घेतलं जात असेल तर टॉलरन्स आणि विड्रॉवल या दोन खुणा धरायच्याच नाहीत. एवढी एक गोष्ट घरोघरी माहीत असती तर कितीतरी रुग्णांच्या कपाळावरचा शिक्का टळला असता.

## मग व्यसन लागतं कुठे?

मेंदूच्या खोल भागात एक व्यवस्था असते. काय जगण्यासाठी महत्त्वाचं आहे आणि काय पुन्हा करायचं, हे ती शिकवते. १९५४ मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. दांडी दाबली की मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचा हलका स्पर्श मिळायचा. उंदीर ती दांडी पुन्हा पुन्हा दाबत राहिले. या व्यवस्थेचा मुख्य निरोप्या म्हणजे डोपामिन. त्याला 'आनंदाचं रसायन' म्हणतात ते फारसं बरोबर नाही. डोपामिनचा निरोप साधारण असा असतो: 'हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेव, परत मिळव.'

व्यसन जडणारी औषधं हा निरोप नेहमीपेक्षा कितीतरी मोठ्या आवाजात देतात. मेंदू तो धडा इतका पक्का शिकतो की पुढे गोळीने पूर्वीसारखं बरं वाटेनासं झालं तरी तलफ वाढतच जाते. 'आवडणं' कमी होतं आणि 'हवं असणं' वाढतं. म्हणून "तुला त्यात मजा तरी काय येते?" हा घरच्यांचा प्रश्न त्या माणसाच्या जिव्हारी लागतो. मजा कधीच संपलेली असते. आता तो फक्त त्रास टाळण्यासाठी घेत असतो.

पण गोळी घेणाऱ्या सगळ्यांना व्यसन लागत नाही. दीर्घकाळच्या वेदनांसाठी ओपिऑइड घेणाऱ्यांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्यसनाचं प्रमाण साधारण ८ ते १२ टक्के आढळलं. म्हणजे दहातल्या नऊजणांना नाही, पण दहावा मात्र आहे, आणि तो कोण हे आधी नक्की सांगता येत नाही. धोक्याचा साधारण अर्धा वाटा आनुवंशिक असतो. उरलेल्यात कमी वय, बालपणीचे आघात, नैराश्य किंवा चिंताविकार, आधीचं दारू-तंबाखूचं व्यसन, मोठा डोस आणि लांबलेले दिवस या गोष्टी येतात. यात 'मनाचा दुबळेपणा' असा रकाना कुठेच नाही.

## "डॉक्टरांनी दिलंय म्हणजे सुरक्षितच ना?"

इतिहास वेगळं सांगतो. १८९८ मध्ये बायर या जर्मन कंपनीने खोकल्यावरचं औषध म्हणून जे बाजारात आणलं, त्याचं नाव हेरॉइन. १९६३ मध्ये डायझेपाम आलं. जुन्या बार्बिट्युरेट गोळ्यांपेक्षा ते खरोखरच सुरक्षित होतं, पण त्याचीही सवय लागते हे पचायला जगाला बरीच वर्षं लागली. बेंझोडायझेपिनच्या सवयीबद्दल आणि व्यसनाबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी सर्वांत कडक, चौकटीतला इशारा दिला तो २०२० मध्ये.

सर्वांत मोठा धडा अमेरिकेतलाच आहे. १९८० मध्ये एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना अशी वेदनाशामकं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चार जणांत व्यसन दिसल्याची नोंद त्यात होती. पत्र एवढंच होतं. घरी नेऊन महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. तरीही पुढची अनेक वर्षं ते 'व्यसनाचा धोका नगण्य' याचा पुरावा म्हणून दाखवलं गेलं. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा कंपनीने ऑक्सिकॉन्टिन ही हळूहळू विरघळणारी ऑक्सिकोडोनची गोळी आणली आणि तिच्यात व्यसनाचा धोका कमी असल्याचा जोरदार प्रचार केला. लोक गोळी कुटून सगळा डोस एकदम घेऊ लागले. २००७ मध्ये पर्ड्यूशी संलग्न कंपनीने आणि तिच्या तीन अधिकाऱ्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोवर लाखो घरांत गोळ्या पोहोचल्या होत्या.

पुढचा भाग जास्त वेदनादायक आहे. चिठ्ठ्यांवर निर्बंध आले, गोळीचं स्वरूप बदललं, आणि सवय लागलेल्यांपैकी अनेकांना उपचार न देताच गोळ्या बंद झाल्या. त्यांतले कितीतरी हेरॉइनकडे आणि नंतर बेकायदा फेंटानिलकडे वळले. २०२१ मध्ये अमेरिकेत सर्व प्रकारच्या अमली पदार्थांच्या अतिमात्रेने एका वर्षात लाखाहून जास्त माणसं गेली. नुसता पुरवठा बंद केल्याने आजार बरा होत नाही, याचा इतका महागडा पुरावा दुसरा नसेल. २०१९ मध्ये तिथल्या औषध नियंत्रकांना डॉक्टरांना सांगावं लागलं, की नियमित घेणाऱ्या रुग्णांची ओपिऑइड अचानक थांबवू नका.

## "मनाशी ठरवलं, आजपासून बंद"

निश्चयाचं मोल आहेच. पण इथे औषधाचा गट बघणं निश्चयाइतकंच महत्त्वाचं.

ओपिऑइडचं विड्रॉवल भयंकर असतं. 'जगातला सगळ्यात वाईट फ्लू' असं त्याचं वर्णन करतात. तरी प्रकृती बरी असलेल्या प्रौढ माणसाचा त्याने सहसा मृत्यू होत नाही. उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी फार कमी होऊ नये, हे मात्र बघावं लागतं. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांचं तसं नाही. महिनोन् महिने रोज घेतलेली बेंझोडायझेपिन एका दिवसात थांबवली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, क्वचित जीवही जाऊ शकतो. दिसायला साधी, रात्री अर्धी घ्यायची गोळी असते, म्हणून लोक हे मनावर घेत नाहीत. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथे.

मार्ग आहे, पण तो हळूहळू जाण्याचा. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल इथे प्राध्यापक हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात केवळ या गोळ्या सोडवण्यासाठी दवाखाना चालवला. रुग्णाला झेपेल त्या गतीने, आठवड्यांऐवजी महिन्यांच्या हिशेबात डोस उतरवायचा, ही त्यांची पद्धत. आजही साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात अशी सुरुवात सुचवली जाते. शेवटच्या पायऱ्या सगळ्यांत अवघड जातात, कारण थोड्याशा गोळीचाही मेंदूवर बराच परिणाम उरलेला असतो. तिथे घाई करून चालत नाही.

यात एक चकवा आहे. गोळी कमी केली की दोन-चार रात्री झोप उडते, पूर्वीपेक्षाही जास्त. माणूस म्हणतो, "बघा, मला गोळीशिवाय झोपच येत नाही." खरं तर तो मूळचा निद्रानाश नसतो. दुसरं पारडं खाली गेल्याची ती खूण असते आणि ती ओसरते. हे आधीच कोणी सांगितलेलं असेल तर त्या रात्री निभावतात.

## डिटॉक्स झालं, म्हणजे सुटलो?

दहा-पंधरा दिवस कुठे तरी दाखल होऊन शरीरातून औषध काढून टाकणं म्हणजे डिटॉक्स. माणूस ताजातवाना होऊन घरी येतो आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. ओपिऑइडच्या बाबतीत मात्र नेमके पुढचे काही आठवडे सगळ्यांत धोक्याचे असतात.

कारण तराजूतच आहे. डिटॉक्समध्ये मेंदूने आपली वजनं उतरवलेली असतात, टॉलरन्स गेलेला असतो. तलफ मात्र गेलेली नसते, कारण ती शिकलेल्या धड्यात असते. एखाद्या वाईट संध्याकाळी माणूस जुना, सवयीचा डोस घेतो. दोन महिन्यांपूर्वी जो सहज पचत होता तोच आता अतिमात्रा ठरतो. ओपिऑइड मेंदूच्या बुंध्यातल्या श्वासकेंद्राला मंदावतात. श्वास हळू होतो, ओठ निळे पडतात, घशातून घरघर येते आणि झोपेतच श्वास थांबतो. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असेल तर हे आणखी लवकर घडतं.

यावर उतारा आहे, नॅलोक्सोन. १९६१ पासून माहीत असलेलं हे औषध नाकात फवारता येतं किंवा इंजेक्शनने देता येतं. काही मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. पण त्याचा असर साधारण ३० ते ९० मिनिटंच टिकतो, आणि ओपिऑइड त्याहून जास्त वेळ अंगात राहू शकतं. म्हणून माणूस उठून बसला तरी रुग्णालयात न्यावंच लागतं.

## "एक गोळी सोडवायला दुसरी गोळी? मग फरक काय पडला?"

हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं.

मेंदूत ओपिऑइडसाठी ठरावीक जागा असतात. त्या १९७३ मध्ये सापडल्या, आणि त्यानंतर दोनच वर्षांत शरीर स्वतःच तयार करत असलेली तशी रसायनंही सापडली. या जागांना खुर्च्या समजा. हेरॉइन किंवा कुटलेली गोळी धावत येऊन खुर्चीवर बसते, मोठ्याने ओरडते आणि काही तासांत उठून जाते. खुर्ची रिकामी होताच तलफ सुरू. दिवसातून तीन-चार वेळा हीच ओढाताण.

मेथाडोन त्याच खुर्चीवर सावकाश येऊन बसतं आणि दिवसभर बसून राहतं. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वॉन्डर यांनी १९६५ मध्ये या उपचाराचे पहिले निष्कर्ष मांडले. ब्यूप्रेनॉर्फिनची तऱ्हा आणखी वेगळी आहे. ते खुर्ची घट्ट धरून बसतं आणि दुसऱ्याला बसू देत नाही, पण स्वतः मात्र अर्ध्याच आवाजात बोलतं. म्हणून त्याने श्वास थांबण्याचा धोका बराच कमी असतो. ते सुरू करण्यासाठी थोडं विड्रॉवल सुरू होईपर्यंत थांबावं लागतं. आधीच दिलं तर खुर्चीवरच्या औषधाला ढकलून ते उलट जोराचं विड्रॉवल आणतं. तिसरं नॅलट्रेक्सोन. ते खुर्चीवर बसतं आणि गप्प राहतं. त्यासाठी मात्र आधी साधारण आठवडा-दहा दिवस ओपिऑइड पूर्ण बंद असावं लागतं.

आता फरक बघा. नशा नाही, चढ-उतार नाही, लपवाछपवी नाही. माणूस कामावर जातो, मुलांचा अभ्यास घेतो. सवय उरते, व्यसन ओसरतं. फ्रान्सने १९९०च्या दशकाच्या मध्यात साध्या कौटुंबिक डॉक्टरांना ब्यूप्रेनॉर्फिन देण्याची मुभा दिली आणि १९९५ ते १९९९ या काळात तिथले अतिमात्रेचे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. मेथाडोन किंवा ब्यूप्रेनॉर्फिन चालू असेपर्यंत मृत्यूचा धोका निम्म्याने किंवा त्याहूनही कमी होतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये ही दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. ती किती दिवस घ्यायची? काहींना काही महिने, काहींना वर्षं. रक्तदाबाच्या गोळीबद्दल हा प्रश्न आपण एवढ्या अधीरपणे विचारत नाही.

झोपेच्या गोळ्यांसाठी किंवा उत्तेजक औषधांसाठी असं स्थिर बदली औषध नाही. तिथे डोस उतरवणं आणि बोलून करायचे उपचार हेच मुख्य.

## बोलण्याने काय होणार?

बरंच काही. गोळी सुरू झाली ती कशासाठी, हा प्रश्न अजून तिथेच असतो. पाठ दुखत असेल तर फिजिओथेरपी, व्यायाम, इतर गटातली औषधं हवीत. दीर्घकाळ ओपिऑइड घेतल्याने काही जणांना उलट वेदना जास्त जाणवू लागतात, आणि डोस उतरवल्यावर दुखणं कमी होतं. झोप येत नसेल तर झोपेसाठीची वर्तनोपचार पद्धत आहे. झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जायचं, उठण्याची वेळ पक्की ठेवायची, झोपेबद्दलची धास्ती तपासून बघायची. दीर्घकालीन निद्रानाशावर आज हाच पहिला उपचार मानतात. तलफ कोणत्या वेळी, कोणत्या भांडणानंतर, कोणत्या एकटेपणात येते, हे ओळखून त्या क्षणी काय करायचं याची तयारी समुपदेशक करून घेतात. त्याच वाटेने गेलेल्या माणसांचे गट असतात, तिथे निदान लाज तरी वाटत नाही.

## "किती वेळा संधी द्यायची?"

व्यसनाच्या उपचारानंतर ४० ते ६० टक्के लोकांत वर्षभरात पुन्हा घसरण होते. आकडा ऐकून धीर सुटतो. पण दमा आणि उच्च रक्तदाब यांतही उपचार सुटून त्रास उलटण्याचं प्रमाण याच्याच आसपास आहे. दम्याचा झटका पुन्हा आला म्हणून कोणी इनहेलर काढून घेत नाही, डॉक्टर औषध बदलतात. घसरण झाली तर इथेही तेच करायचं, आणि त्याच दिवशी. लाजेने लपवलेला आठवडा फार महागात पडतो.

घरच्यांनी पाकीट हिसकावून घेऊ नये. शक्य असेल तर डॉक्टरांकडे सोबत जावं आणि तिथे सगळं खरं सांगावं: किती गोळ्या, किती दिवस, दारू सोबत असते का, दुसऱ्या कोणाकडून चिठ्ठी घेतली का. ज्यांना अजून गोळी सुरूच व्हायची आहे त्यांनी पहिल्याच भेटीत विचारावं, "किती दिवस घ्यायची, आणि बंद कशी करायची?"

आता सुरुवातीच्या त्या गृहस्थांकडे येऊ. ते सांगितलेलाच डोस घेत असतील, लपवत नसतील, तर बहुधा ते व्यसनी नाहीत, त्यांना शारीरिक सवय झाली आहे. डॉक्टर काही आठवड्यांत पायरीपायरीने गोळी उतरवतील, सोबत पाठीचे व्यायाम सुरू होतील. आकडा चढत गेला असेल, पाकिटं लपवली जात असतील, तर ब्यूप्रेनॉर्फिनसारखा पर्याय पुढे येईल. दोन्ही वाटांवर घरच्यांनी उरलेल्या जुन्या गोळ्या कुलपात ठेवाव्यात किंवा परत कराव्यात, आणि मिळत असेल तर नॅलोक्सोन हाताशी ठेवावं. त्या गृहस्थांना एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावी: पूर्वी जेवढी गोळी चालायची, तेवढी आता चालणार नाही.